टक झालं की थांबा

मित्रांनो, मी एक जुना व्हेपोरायझर आहे. नाव जरा अवघड आहे, कबूल. मराठीत मला नावच नाही. आमच्या घरच्या आजी, अंजनाबाई, मला ‘टकटक्या’ म्हणायच्या, आणि खरं सांगू का, मला तेच आवडतं. मी बोटभर लांबीची पोलादी नळी आहे. मला वायर नाही, बॅटरी नाही, बटण नाही. मोठ्या माणसानं मला हातात धरायचं आणि ज्योतीवर तापवायचं. माझ्या पोटातला वाळका पाला जळू द्यायचा नाही. त्याचा वास तेवढा मोकळा होऊन बाहेर यावा, इतकाच तो तापवायचा. माझं काम एवढंच. एवढंच म्हणतो खरा, पण ह्या कामावर एकदा एका घराचा जीव टांगणीला लागला होता. ती गोष्ट सांगायला मी कधीचा उतावीळ झालो आहे!

माझा जन्म जर्मनीतल्या येना गावाजवळ एका लहानशा कारखान्यात झाला. ते गाव भिंगांचं आणि दुर्बिणींचं. तिथं वस्तू बनवायची म्हणजे ती केसाइतकीही वाकडी चालत नाही. मला लेथवर कातलं, आतून गुळगुळीत केलं, खालच्या टोकाला पाला ठेवायला छोटी वाटी केली आणि वाटीच्या तळाशी बारीक जाळी बसवली. कडेला हवेसाठी एक भोक पाडलं. मग त्या वाटीवर माझी टोपी चढवली, आणि मित्रांनो, माझी सगळी अक्कल ह्या टोपीत आहे. ती दोन धातूंच्या पत्र्यांची आहे, एकमेकांवर घट्ट दाबून बसवलेले. तापलं की एक पत्रा भराभर पसरतो, दुसरा मागे रेंगाळतो. दोघांची ओढाताण वाढत वाढत जाते आणि एका क्षणी टोपी उसळून आवाज करते, टक! म्हणजे झालं, आता ज्योत बाजूला करा. थंड होताना ती परत जागेवर बसते आणि पुन्हा टक करते. म्हणजे हवं तर आता परत तापवा.

माझी पहिली मालकीण फ्राऊ झाइडेल, म्हणजे झाइडेलबाई. येनात तिचं वाळक्या पाल्यांचं दुकान होतं. काही मोठी माणसं माझ्या भाईबंदांना तोंडाला लावतात, त्यांचं त्यांना लखलाभ. फ्राऊ झाइडेलनं मला नाकासाठीच ठेवलं होतं. गिऱ्हाईक आलं की ती थाइम किंवा कॅमोमाइल बोटांनी चुरडायची. जाडसर चुरा करायची, पूड कधीच नाही. तो वाटीत अलगद सोडायची, दाबायची नाही, कारण हवेला जायला वाट हवी. ज्योत टोपीच्या कडेला धरून मला सारखी फिरवत राहायची. टक झालं की ज्योत दूर. मग एक श्वास थांबून नळीचं दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या नाकाजवळ नेऊन म्हणायची, “हळू हुंगा, ओढू नका.” दुकानभर डोंगर उतरल्यासारखा वास पसरायचा. शाळेतली मुलं तर केवळ माझं टक ऐकायला यायची. रोज संध्याकाळी ती स्पिरिटच्या बोळ्यानं मला आतूनबाहेरून पुसायची, आणि मी दुसऱ्या दिवशी नवा कोरा. काय दिवस होते ते!

पुढे तिचे गुडघे गेले आणि दुकान बंद झालं. माझी रवानगी फ्लोमार्क्टला झाली, म्हणजे जुन्या वस्तूंच्या रविवारच्या बाजाराला. फुटक्या कपबशांच्या शेजारी मी पडून होतो. तिथं राजानंद रामटेके आला. मूळचा नागपूरचा, लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांचा इंजिनियर. कामासाठी येनाला आला होता. दोन धातूंची टोपी पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, आता पुन्हा चांगले दिवस येणार. कसले येतात! घरी गेल्यावर त्याची बायको मैत्री म्हणाली, “अहो, अजून एक खेळणं? ठेवणार कुठं?” आणि मी सुटे सेल, जुन्या किल्ल्या आणि तुटलेल्या चष्म्याबरोबर खणात गेलो. पुढची दोन वर्षं टकचा आवाजही माझ्या तोंडून निघाला नाही.

आता मैत्रीविषयी सांगतो, कारण ही गोष्ट तिचीच आहे. ती रसायनशास्त्र शिकलेली, आणि तिची नोकरी म्हणजे तिचं नाक. साबणात, शाम्पूत घालायचे वास तयार करणाऱ्या एका लहान कंपनीत ती होती. बाटलीत काय काय मिसळलं आहे ते ती नुसतं हुंगून सांगायची. शेजारच्या खोलीत कुणी लिंबू कापलं तरी ती बसल्या जागेवरून ओळखायची. खणात बसून मी हे सगळं ऐकत असे आणि मनात म्हणत असे, हिच्या हातात मी पडलो असतो तर!

२०१४ च्या जानेवारीत तिला जबरदस्त फ्लू झाला. ताप उतरला, खोकला गेला. एका सकाळी तिचा आवाज आला, “अहो, आज कॉफी केली नाहीत का?”

राजानंद म्हणाला, “मैत्री, कप तुझ्या हातात आहे.”

फ्लूनं तिच्या नाकाची वास घेण्याची शक्तीच नेली होती. नाका-कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. ओळखीचे तीव्र वास सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगायचे, आणि धीर धरायचा. त्यांनी चार लहान बाटल्या दिल्या. मैत्री त्या हुंगायची आणि झाकणं लावून ठेवायची. कंपनीतल्या साहेबीणबाईंनी चांगुलपणानं वागवलं, पण त्यांनाही काम होतंच. एप्रिलच्या शेवटी मैत्रीची चाचणी घेणार होत्या. जमलं तर ती पुन्हा वास घेण्याच्या टेबलावर, नाही जमलं तर कायमची ऑफिसात, फायलींपाशी. मैत्री म्हणे, “फायली वाईट नाहीत हो. पण तिथं मी मी उरणार नाही.”

फेब्रुवारीत अंजनाबाई आल्या. राजानंदची आई. विमानातून उतरल्या त्या वाळवणाच्या पुड्या घेऊनच: तुळस, ओवा आणि गच्चीवर उन्हात वाळवलेली नागपुरी संत्र्याची साल. आल्या आल्या त्यांनी डॉक्टरांच्या बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या.

“ह्या बाटलीतल्या वासानं काय होऊन राहिलं?” त्या म्हणाल्या. “नाकाला घरचा वास पाहिजे, मैत्री. काहून उगाच परक्या वासामागं लागली तू?”

“आई, पण वाळल्या सालीला वास कुठं असतो तेवढा?”

“तापवली की येते ना!”

हे ऐकलं आणि राजानंद धडपडत खणाकडे धावला. मित्रांनो, खण उघडला! दोन वर्षांनी उजेड! किल्ल्या बाजूला सारून त्यानं मला उचललं, शर्टाला पुसलं आणि विजयी वीरासारखं वर धरलं. आठ वर्षांची यामिनी, त्यांची लेक, ओरडली, “वास इस्ट दास?” म्हणजे, हे काय आहे? ती मराठी सगळं समजते, पण उत्तर मात्र जर्मनमध्ये देते.

पण तापवायचं कशावर? त्यांची शेगडी विजेची, काचेची; तिच्यावर ज्योत नाही. अंजनाबाई रोज सकाळ-संध्याकाळ बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्ती आणि अगरबत्ती लावून वंदना घ्यायच्या. डॉक्टरांनी सांगितलेली वेळही सकाळ-संध्याकाळचीच. “मेणबत्ती लागलेलीच असते,” त्या म्हणाल्या, “तिच्यावरच धरू.” सगळ्यांना पटलं. मला पटलं नव्हतं, पण मला विचारतो कोण?

पहिल्या दिवशी तर राजानंदनं कहर केला. अंजनाबाईंनी डब्यात तिखट भरावं तशी संत्र्याच्या सालीची पूड माझ्या वाटीत ठासून भरली होती. हवेला वाटच नाही. राजानंदनं मला मेणबत्तीवर धरलं. टक! मी सांगितलं, स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, “आवाज झाला, पण वास काही सुटला नाही. अजून जरा तापवू.” अजून जरा! साल काळी पडली, धूर निघाला, आणि छतावरच्या धूर ओळखणाऱ्या भोंग्यानं असा टाहो फोडला की यामिनी कानावर हात ठेवून टेबलाखाली गेली. राजानंद खुर्चीवर चढून टॉवेल फिरवतोय, अंजनाबाई “अरे बंद कर त्याले!” म्हणून खालून ओरडताहेत, आणि दारावर शेजारची फ्राऊ लिंडनर.

राजानंदनं तिची माफी मागितली. ती हसली, घरात नाक वर करून एकदा वास घेतला आणि काहीतरी बोलली.

“आजी,” यामिनीनं चक्क मराठीत सांगितलं, “ती म्हणते, तुमच्या अगरबत्तीचा वास छान आहे. जिन्यात पण येतो. तिच्या कोटाला पण येतो.”

अंजनाबाईंचा चेहरा फुलला. “सांग तिले, नागपूरची आहे म्हणावं.” पुढच्या वंदनेला त्यांनी एकाऐवजी दोन काड्या लावल्या.

त्यानंतर राजानंद टकला थांबायला शिकला आणि अंजनाबाई चुरा सैल भरायला. मला वाटलं, आता जमणार. पण आठवडे गेले आणि काहीच जमेना. मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीनं माझ्या टोपीवर काजळीचा थर चढला. ती टोपीच्या सांध्यात शिरली, हवेच्या भोकाशी साचली. माझं टक उशिरा व्हायला लागलं, दबकं व्हायला लागलं. कधी पाला करपायचा, कधी कच्चाच राहायचा. आणि जी हवा माझ्यातून मैत्रीच्या नाकाशी जायची ती मेणाची असायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, अगं, मला आधी पूस! पण मला एकच शब्द येतो, आणि तोही नीट निघत नव्हता.

मार्चमधल्या एका संध्याकाळी मैत्रीनं मला खाली ठेवलं आणि ती रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. “आई,” ती म्हणाली, “नोकरीचं जाऊ द्या. मला यामिनीच्या केसांचा वासच आठवत नाही. मी रात्री तिच्या डोक्याला नाक लावून झोपते, आणि काही नाही. काहीच नाही.”

अंजनाबाईंनी तिला जवळ घेतलं. मैत्रीनं हातानं नाक पुसलं. तेवढ्यात यामिनी आत आली, आईकडे पाहिलं आणि खो खो हसायला लागली. “मामा, दाइनं नाझं इस्ट श्वार्त्स!” आईचं नाक काळं झालं होतं.

मैत्रीनं आपली बोटं पाहिली, मग मला पाहिलं. माझ्या टोपीवरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट. आणि मग तिनं कपाळावर हात मारला, तेही काळं झालं.

“काजळी! आई, मी केमिस्ट आहे! मेणबत्तीवर कधी काही तापवतात का! इतके दिवस मी संत्रं नाही, मेणच हुंगतेय. कॉलेजातला पोरगाही ही चूक करणार नाही.”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” राजानंद उगाच म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा. इंजिनियर ना तुम्ही?”

सगळे हसले, मीसुद्धा मनातल्या मनात नाचलो. अंजनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या तसबिरींकडे पाहत होत्या. तिथं अगरबत्तीच्या धुराची निळसर रेघ वर चढत होती, पडद्यात शिरत होती. फ्राऊ लिंडनरच्या कोटाला वास येतो हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी आपल्या साडीचा पदर नाकाशी नेला आणि पुन्हा खाली सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, आणि अगरबत्तीचा पुडा उचलून कपाटात ठेवून दिला. राजानंद चकित झाला. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं वंदनेला अगरबत्ती चुकवली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

“आई, अगरबत्ती?”

“नको.” त्यांनी खिडकी सताड उघडली. मार्चचा गार वारा आत आला. “घरभर माझाच वास भरून राहिला तर पोरीच्या नाकानं दुसरा शोधायचा कुठं? बुद्धाला वासाची काय गरज आहे? माझ्या सुनेला आहे.”

मित्रांनो, मी पोलादाचा आहे. तरी त्या क्षणी मला भरून आलं.

मग सुरू झाले माझे खरे दिवस! पडदे धुतले गेले. मैत्रीनं स्पिरिटचा दिवा आणला, निळी स्वच्छ ज्योत, काजळीचं नाव नाही. तिनं मला उकलून स्पिरिटमध्ये बुडवलं, बारीक ब्रशनं जाळी घासली, भोक मोकळं केलं. मी असा लखलखलो की मला येनाची सकाळ आठवली. संत्र्याची साल आता पूड नव्हती, बोटांनी मोडलेला जाडसर चुरा होता. वाटी पाऊण भरलेली. ज्योत टोपीच्या कडेला, आणि मैत्रीच्या बोटांत मी गरगर फिरतोय. टक! खणखणीत! ती थांबायची, एक श्वास सोडायची, आणि हळूच हुंगायची. मग मी थंड होऊन दुसरं टक करीपर्यंत कुणी मला हात लावायचा नाही, असा तिनं नियमच केला. एक दिवस संत्रं, एक दिवस तुळस, एक दिवस ओवा. ओवा आणि इथला थाइम यांचा वास एकाच द्रव्याचा, असं ती यामिनीला शिकवायची, आणि स्वतः मात्र आठवणीनं हुंगायची. भीमजयंती आली, घर फुलांनी सजलं, लोक ‘जय भीम’ करत आले, गेले. अंजनाबाईंनी त्या दिवशीही पुडा काढला नाही.

चाचणीच्या आधीचा रविवार. अंजनाबाईंनी खिरीसाठी दूध शेगडीवर ठेवलं आणि त्या आमच्यात येऊन बसल्या. चुरा संत्र्याचा. मैत्रीनं मला तापवलं. त्या दिवशी मी जीव तोडून काम केलं, खोटं सांगत नाही. टक! असा वास सुटला की राजानंद म्हणाला, “अरे वा, मस्त!” यामिनीनं डोळे मिटले. सगळे मैत्रीकडे पाहत होते.

तिनं हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग मला अलगद खाली ठेवलं आणि म्हणाली, “नाही.”

ती उठली, खिडकीशी गेली, आणि वळून सहज म्हणाली, “आई, दूध लागलं का हो?”

“दूध?” अंजनाबाई म्हणाल्या. “मला तर नुसता संत्र्याचा वास येऊन राहिला.”

“मलाही,” राजानंद म्हणाला.

“लागलंय. बुडाला धरलंय. मला...” आणि मैत्री जागच्या जागी थिजली.

अंजनाबाई स्वयंपाकघरात धावल्या. आतून पळीनं भांडं खरवडल्याचा आवाज आला, आणि मग त्यांची अशी आरोळी आली की फ्राऊ लिंडनर पुन्हा दारात येते की काय असं वाटलं. “लागलं वो बाई! लागलं! दूध लागलं!” घरात दूध करपल्याचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नसेल. यामिनी उड्या मारत होती, “मामा कान्न वीडर रीशेन!” म्हणजे, आईला पुन्हा वास येतो! राजानंद हसत होता आणि डोळे पुसत होता. मैत्री धावत आली, मला उचललं. माझी टोपी नुकतीच थंड झाली होती. घाई झाली होती, तरी तिनं नियम मोडला नाही. सावकाश तापवलं, फिरवलं. टक. थांबली. हुंगलं.

“संत्रं,” ती म्हणाली. “नाही, संत्रं नाही. साल. उन्हात वाळलेली. आई, तुमच्या गच्चीतली.”

मग तिनं यामिनीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत नाक खुपसून किती तरी वेळ बसून राहिली.

खरं सांगायचं तर मला जरा रुसवा आला होता. इतके आठवडे मी घाम गाळला आणि पहिला मान मिळाला करपलेल्या दुधाला! पण नाकाला शिकवलं कुणी, हे मला ठाऊक आहे आणि मैत्रीलाही.

चाचणीच्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली, बूट काढले आणि कुणाशी न बोलता कपाटापाशी गेली. अंजनाबाई आतून आल्या तर तसबिरींसमोर मेणबत्ती आणि अगरबत्ती दोन्ही लागलेल्या.

“अगं, काहून लावली तू? अन् चाचणीचं काय झालं?”

“जमलं, आई. टेबल परत मिळालं. या, वंदना घेऊ.”

अंजनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पण सासूच ती. तशाच म्हणाल्या, “मग सांग बरं, कशाची आहे ही?”

मैत्रीनं डोळे मिटले. “चंदनाची. आणि काडी थोडी दमट झाली आहे. बरेच दिवस कुणी लावली नव्हती ना.”

मित्रांनो, त्याला आता पाच वर्षं झाली. अंजनाबाई नागपूरला असतात आणि दरवर्षी संत्र्याची साल पाठवतात. मी त्याच कपाटात, अगरबत्तीच्या पुड्याशेजारी राहतो. टोपी जरा झिजली आहे, काम कमी झालं आहे, पण मैत्री मला अजून स्पिरिटनं पुसते. माझी तुमच्याकडे फार मागणी नाही. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू खणात पडली असेल तर तिला बाहेर काढा, पुसा, ठासून भरू नका, आणि ती टक म्हणाली की थांबा. आणि तुमच्या घरात कुणाला वास येईनासा झाला असेल, तर त्याला धीर देण्याआधी आपली अगरबत्ती जरा विझवून बघा.